काक्षीची नोंद

उत्तरायणाच्या दिवशी दुपारी उंधियूचा दुसरा घास घेता घेता विश्वासरावांनी जाहीर केलं, की आज आकाशदर्शन मंडळातला मयंक येणार आहे आणि साडेसातला सगळ्यांनी अगासीवर हजर राहायचं. सिटी सर्व्हेच्या कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती, तरी त्यांच्या तोंडून साधं वाक्यसुद्धा मोजणीच्या नोटिशीसारखं निघायचं.

"काक्षी राजन्याच्या पुढे गेली," ते म्हणाले. "आज शेवटचा आकडा घ्यायचा आणि मयंकच्या हातात द्यायचा. जगाला कळू दे."

मुलगा अभिषेक पुण्याहून कालच आला होता. त्याने बहिणीकडे पाहिलं. मुग्धाने आमटीच्या वाटीत पाहिलं. अभिषेकची मुलगी ईशानी सकाळीच सयाजीगंजच्या होस्टेलमधून आली होती. तिने मात्र "खरंच, आजोबा?" असं विचारलं आणि म्हातारा खुलला.

"अगं, मृगाच्या चार पायांतला तांबडा पाय म्हणजे काक्षी. समोरच्या कोपऱ्यातला निळसर पांढरा, तो राजन्य. काक्षीचं तेज कमीजास्त होतं, पण ती राजन्याच्या पुढे सहसा जात नाही. एकेचाळीस वर्षांत माझ्या वहीत तरी गेली नव्हती. आता आश्विनापासून रोज थोडी थोडी पुढे सरकतेय. म्हातारी आहे ती. एक दिवस फुटणार. फुटेल तेव्हा दिवसाढवळ्या दिसेल, ईशू, सूर्य वर असताना!" मग आवाज जरा खाली आला. "तुझ्या आजीला म्हटलं होतं, दोघं मिळून बघू."

 नीराबाईंना जाऊन नऊ महिने झाले होते. वर्ष व्हायचं होतं, म्हणून घरात तिळगूळ केला नव्हता. शेजारच्या पटेलांनी पाठवलेली जिलबी ताटांत तशीच थंड होत होती. बाहेर सगळी तरसाली वस्ती पतंग घेऊन अगासीवर, गच्चीवर होती आणि दर दोन मिनिटांनी पतंग कापला गेला की कुठून तरी "काय्पो छे!" असा आरडाओरडा उठत होता.

मुग्धा मकरपुऱ्यात राहायची, स्कूटरवरून दहा मिनिटं. आई गेल्यावर वही तिच्याकडे आली होती. काम तसं सोपं होतं. बाबा ताऱ्याकडे बघून तेजाचा आकडा सांगत. हा हिशेब उलटा. आकडा जेवढा लहान तेवढा तारा मोठा. राजन्याचा आकडा पॉइंट एक, तो कधी फारसा हलत नाही. काक्षीचा बहुतेक पॉइंट पाच, कधी त्याच्या अलीकडे, कधी पलीकडे. बाबांनी आकडा सांगितला की लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि वहीत उतरवायचा. शेवटच्या रकान्यात निरीक्षकाचं अक्षर: वि. झालेली नोंद बदलायची नाही. एकेचाळीस वर्षांत एक खाडाखोड नाही, हे बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला, दूधवाल्यालासुद्धा, सांगत असत.

आश्विनात पहाटे, मग मार्गशीर्षापासून संध्याकाळी, मुग्धा आकडे लिहीत आली. पॉइंट तीन. पॉइंट दोन. पॉइंट एक. गेल्या आठवड्यात शून्य. आणि प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांना राजन्यच मोठा दिसत होता. बाबांना जन्मभराचा सराव, मला काय कळतंय त्यातलं, असं म्हणून तिने ते गिळलं. हे वाक्य आपण कुणाचं उचललंय, ते तिला काल रात्रीपर्यंत कळलं नव्हतं.

*

साडेपाचला चहाच्या निमित्ताने तिने भावाला स्वयंपाकघरात गाठलं. दार लोटलं आणि गेल्या वर्षीची वही ओट्यावर ठेवली.

"दादा, हे बघ. शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत."

पुठ्ठ्याला आतून कागदाचा खिसा केलेला होता. खिशात चार घड्या केलेले कागद, आईचं बारीक, गोल अक्षर, पेन्सिलीने. तारीख, मग 'हे', मग 'मी'. हे पॉइंट तीन, मी पॉइंट सहा. हे पॉइंट दोन, मी पॉइंट पाच.

"तीन वह्यांत होते असे कागद, मी इथे एकत्र केलेत," मुग्धा म्हणाली. "ते म्हणायचे एक, ती परत म्हणायची तेच, आणि वहीत लिहायची भलतंच. भलतं म्हणजे बराबर. जे वर होतं ते. अंधारात बाबांना वहीतलं दिसतच नव्हतं. ती स्वतः बघत होती, दादा! आपल्याला सांगायची, मला काय कळतंय त्यातलं."

अभिषेकने कागद हातात घेतले नाहीत. मुग्धा त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की त्याला नवल वाटलेलं नाही.

"तुला माहीत होतं."

"आकड्यांचं नव्हतं माहीत. डोळ्यांचं माहीत होतं." तो गॅसकडे बघून बोलला. "मोतीबिंदू आहे दोन्ही डोळ्यांत. आई एकटी जाऊन डॉक्टरला विचारून आली होती. डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं म्हणे. निळं, पांढरं मंद दिसतं, तांबडं तेवढं तसंच राहतं. मला फोनवर म्हणाली, तू ये आणि त्यांना ऑपरेशनला राजी कर, माझं ऐकायचे नाहीत."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

"आणि तू?"

"मी म्हटलं दिवाळीत येतो, मग बोलू."

दोन दिवाळ्या होऊन गेल्या होत्या. मुग्धाने चहाचं भांडं इतक्या जोरात आपटलं की आधण ओट्यावर सांडलं.

"मी दहा मिनिटांवर राहते. मला नाही सांगितलं तिने. पुण्याला फोन करून तुला सांगितलं."

"तुला सांगितलं असतं तर तू त्याच संध्याकाळी येऊन बाबांना सांगितलं असतंस."

"हो, असतंच सांगितलं!"

"तेच तिला नको होतं. आप्पांचं विसरलीस का?"

आप्पांचं कुणीच विसरलं नव्हतं. घडियाळी पोळ या गल्लीतल्या जुन्या घरात, डोळ्याचं ऑपरेशन बिघडल्यावर, विश्वासरावांचे वडील अकरा वर्षं खिडकीशी बसून होते. रस्त्यावरच्या पावलांवरून माणसं ओळखायचे आणि चुकले की रडायचे. तेव्हापासून डोळ्यांचा डॉक्टर हा शब्द या घरात कुणी काढला, की विश्वासराव उठून अगासीवर जात.

"तर मग आता ऐक," अभिषेक म्हणाला. "मी मयंकला खाली गाठतो. त्याला सांगतो, आकडा घे, मान डोलाव, पाठवू नकोस कुठे. बाबांना आजचा दिवस मिळू दे. ऑपरेशनचं मी महिनाभरात बघतो."

"पुन्हा महिनाभर! आणि बाबा रोज मयंकला फोन करून विचारतील, काय उत्तर आलं, तेव्हा? ती मंडळातली पोरं पाठीमागे हसतील, ते चालेल तुला?"

"नाही चालणार. पण आईने झाकलेलं आपण चारचौघांत उघडं करायचं, तेही पहिल्या संक्रांतीला?"

दोघंही खरं बोलत होते, म्हणून दोघांनाही दुसऱ्याचा राग आला. दारात ईशानी रिकामा कप घेऊन उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"मी खोटं बोलणार नाही हं, बाबा," ती अभिषेकला म्हणाली. "मला विचारलं तर."

"तुला कोण विचारतंय!" अभिषेक म्हणाला आणि कागद घडी करून मुग्धाने पदराखाली घेतले.

पण मयंकला खाली गाठायचं राहूनच गेलं. तो सव्वासातला आला तेव्हा विश्वासराव स्वतः फाटकापाशी उभे होते.

*

विश्वासरावांनी सगळ्यांना वीस मिनिटं अंधारात बसवलं. मोबाइल खाली ठेवायला लावले. पतंग उतरले होते. दोऱ्याला कागदी कंदील बांधलेली तुक्कलं दक्षिणेकडे एकामागून एक वर चढत होती, कुठे फटाके फुटत होते आणि धुराचा वास होता. पण पूर्वेकडचं आभाळ मोकळं होतं. नीराबाईंचा बुटका स्टूल नेहमीच्या जागी होता. त्यावर मुग्धा बसली, मांडीवर वही, हातात लाल कागद लावलेली बॅटरी.

"आजचाच दिवस का?" विश्वासराव म्हणाले. "कारण आज साडेसातला काक्षी आणि राजन्य एकाच उंचीवर येतात. हवा दोघांना सारखीच आडवी येते. तुलना करायची तर अशी करायची."

त्यांनी मान वर केली. काक्षी होती, ठसठशीत, निखाऱ्यासारखी. राजन्य तिच्यापुढे पार फिका, जणू कुणी फुंकर घातली असावी. तांबड्या ताऱ्याकडे टक लावली तर तो फुगतो, हा धडा त्यांनी मंडळातल्या तीन पिढ्यांना दिला होता. म्हणून त्यांनी ओझरतं पाहिलं. एकदा इकडे, एकदा तिकडे, पुन्हा इकडे.  नीरा, अगं आलीच बघ ही, असं ते मनातल्या मनात म्हणाले.

"शून्य," त्यांनी मोठ्याने सांगितलं.

आणि ते आकडा परत ऐकायची वाट बघत राहिले. नीरा असती तर लगेच म्हणाली असती, "शून्य. लिहिलं हो." पेन चालल्याचा आवाज आला. आकडा आला नाही.

"मुग्धा, वाच."

"पॉइंट पाच," मुग्धा म्हणाली.

"मी शून्य म्हटलं."

"हो, बाबा. पण वर पॉइंट पाच आहे."

विश्वासराव मयंककडे वळले. "मयंक, तू बोल."

मयंक बराच वेळ वर बघत होता. कॉलेजात असताना तो पहिल्यांदा या अगासीवर आला होता. आता त्याच्याही कानशिलांवर पांढरं होतं. "काका," तो म्हणाला, "तमे कहो ए बराबर."

तुम्ही म्हणाल ते बरोबर, हा आवाज विश्वासरावांना चांगला ठाऊक होता. जमीन मोजताना साहेबांची साखळी चुकीच्या खुंटीला लागली की हाताखालची माणसं याच आवाजात बराबर म्हणत. 

"ईशू. तू बघ. टक लावू नकोस."

ईशानीने पाहिलं. एकदा इकडे, एकदा तिकडे, पुन्हा इकडे, अगदी आजोबांसारखं. "राजन्य मोठा आहे, आजोबा," ती म्हणाली. "बराच मोठा आहे."

"बाबा, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे," अभिषेक एकदम बोलला. त्याला थांबणं जमलंच नाही. "आईला माहीत होतं. तिने मला सांगितलं होतं तुम्हाला तयार करायला. मी आलो नाही. चूक माझी आहे. आईची नाही, मुग्धाची नाही."

"आईला माहीत होतं?"

मग मुग्धाने पदराखालचे कागद काढले. विश्वासरावांनी ते घेतले, डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, पुन्हा जवळ आणले. पेन्सिलीचं अक्षर त्यांना दिसलं नाही. त्यांनी कागद ईशानीकडे दिले आणि ती लाल उजेडात वाचू लागली. तारीख. हे. मी. तारीख. हे. मी. तीन हिवाळ्यांचे आकडे होते, पुष्कळ होते. सगळे होईपर्यंत त्यांनी तिला थांबवलं नाही.

"म्हणजे फसवलं तिने मला," ते म्हणाले. आवाज चढला, शेजारच्या अगासीवरचे दोघे वळून बघायला लागले. "इथे, या स्टुलावर बसून! मी शून्य म्हणालो तर तोंडाने शून्य म्हणायची आणि लिहायची दुसरंच? एकेचाळीस वर्षांत एक खाडाखोड नाही माझ्या वहीत, आणि शेवटची तीन वर्षं सगळी खोटी?"

"खोटी कुठे, आजोबा?" ईशानी म्हणाली. तिला रडू येत होतं. "तीच तर खरी आहेत. आजीने बघून लिहिलेली."

"काका," मयंक पुढे झाला. "आ वर्षना आंकडा तमे हजी मोकल्या नथी. पण छेल्लां त्रण वर्षना बधा मारी पासे छे. आखा मंडळमां सौथी सारा हता. बीजा बधा आघापाछा थाय, तमारी वहीना नहीं." यंदाचे आकडे अजून मंडळाकडे गेले नव्हते, पण आधीची तीन वर्षं सगळ्या मंडळात सर्वांत अचूक आकडे याच वहीचे होते. आपण कुणाची तारीफ केली ते त्याला बोलल्यावर कळलं.

विश्वासराव कठड्याला धरून उभे राहिले. सगळ्यात अचूक. मंडळाच्या वार्षिक बैठकीत मयंकने हे एकदा म्हटलंसुद्धा होतं, टाळ्या झाल्या होत्या, आणि त्यांनी घरी येऊन नीराला सांगितलं होतं. ती चपात्या करत होती. "वा," म्हणाली होती, "शाल पांघरून जात जा मग. थंडीत नजर हलते." 

"कधी बघायची ती?" त्यांनी विचारलं. विचारता विचारताच त्यांना आठवलं. आकडा सांगितला की ती उठायची. थांबा, शाल घसरलीय, म्हणायची. मागे उभी राहून खांद्यावरची शाल नीट करायची आणि हात तिथेच ठेवायची, जरा वेळ. त्यांना वाटायचं, माया. दर वेळी त्यांना ते आवडायचं. ती त्या वेळी त्यांच्या डोक्यावरून आभाळ बघत होती.

"आणि एकदा बघा हो, असं म्हणायची कधी कधी," ते हळू म्हणाले. "मी ओरडायचो. एकदा सांगितलं ना, लिही, म्हणायचो."

"अजून एक ओळ आहे, आजोबा," ईशानी म्हणाली. "शेवटच्या कागदावर. वाचू?"

त्यांनी मान हलवली.

"सोळा मार्च. हे पॉइंट तीन, मी पॉइंट सात. आता फार अंतर पडायला लागलं. पाडवा झाला की ह्यांना सांगायचं. मी हात धरून नेईन दवाखान्यात."

पाडव्याच्या चार दिवस आधी नीराबाई गेल्या होत्या. सकाळी दूध तापवताना, कुणाला काही न सांगता.

विश्वासराव स्टुलाकडे आले. मुग्धा उठली. ते नीराच्या स्टुलावर बसले आणि मुलांसमोर, मयंकसमोर, मोठ्याने रडले. नऊ महिन्यांत ते असे रडले नव्हते. दहाव्या-तेराव्यालाही सगळ्यांना वेळापत्रक सांगत फिरले होते. अभिषेक त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. काय करावं त्याला सुचेना, मग त्याने घसरलेली शाल उचलून त्यांच्या खांद्यावर घातली. मुग्धाने ते पाहिलं आणि दुपारपासूनचा भावावरचा तिचा राग निम्मा तिथेच उतरला. निम्मा बरीच वर्षं राहणार होता.

"सोमवारपर्यंत सुट्टी वाढवून घे," विश्वासराव शेवटी अभिषेकला म्हणाले. "दवाखान्यात यायचंय माझ्याबरोबर. मला भीती वाटते."

"घेतो, बाबा."

"मुग्धा, त्या तिन्ही वह्या आण खालून."

तिने आणल्या. त्यांनी वरची वही उघडून पानावर बोट ठेवलं, साधारण शेवटच्या रकान्यावर. एवढं त्यांना पाठ होतं.

"इथे वि. आहे?"

"हो."

"खोड."

मुग्धाला ऐकलेलं खरं वाटेना. "बाबा, खाडाखोड?"

"खोड म्हटलं ना. ज्याने बघितलं त्याचं अक्षर तिथे पाहिजे, नाहीतर ती नोंद कसली? तिच्या पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत सगळे वि. खोड आणि नी. लिही. मयंक, तुझ्याकडेही बदलून घे. निरीक्षक नीरा विश्वास प्रधान. पूर्ण नाव लिही."

"हा, काका," मयंक म्हणाला आणि चष्मा पुसत राहिला.

मुग्धाने लाल उजेडात पहिला वि. खोडला. एक आडवी रेघ. शेजारी नी. लिहिलं. दुसरा खोडला. ईशानी तारखा वाचून दाखवत होती. सगळ्यांचं एका संध्याकाळी होण्यासारखं नव्हतं, पण पहिलं पान झालं.

"आजची नोंद राहिली," विश्वासराव म्हणाले. "मुग्धाने घाईत लिहिलेली धरायची नाही. ईशू, नीट बघून सांग. तुझं अक्षर लागेल."

ईशानी कठड्यापाशी गेली. पटेलांच्या अगासीवरून शेवटचं तुक्कल वर निघालं होतं, ते काक्षीच्या खालून जाईपर्यंत ती थांबली. मग तिने पाहिलं, इकडे, तिकडे, पुन्हा इकडे.

"पॉइंट पाच," ती म्हणाली.

स्टुलावर बसलेल्या विश्वासरावांनी शाल सारखी केली. त्यांना वर तांबडी, मोठी काक्षीच दिसत होती.

"पॉइंट पाच," त्यांनी परत म्हटलं. "लिही, मुग्धा."